चित्र पाहून कोण दुखावलं, आणि चित्रात कोण दुखावलं गेलं?



'मोबाईल : शाप की वरदान' हा निबंध आता इतका घासून गुळगुळीत झालाय की आठवी-नववीची मुलं तो झोपेतही लिहून देतील. म्हणून या वेळी वादविवादासाठी जरा अवघड विषय घेऊ. अश्लील आणि बीभत्स चित्रांवर, व्हिडिओंवर आणखी कडक कायदा हवा का? आणि केला, तर चित्रकार, नाटककार, लेखक यांच्या स्वातंत्र्याचं काय?

विषय ताजा आहे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने अश्लील मजकुराच्या कारणावरून 18 ओटीटी मंच बंद केले, जुलै 2025 मध्ये आणखी 25 ॲप्सवर बंदी आली. मध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये यूट्यूबवरच्या एका कार्यक्रमातल्या घाणेरड्या प्रश्नावरून देशभर गदारोळ झाला. महाराष्ट्र सायबर विभागाने गुन्हा नोंदवला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने केंद्र सरकारला अशा मजकुराबाबत नियमांचा विचार करायला सांगितलं. पालकसभेत हा विषय निघाला की बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "सर, सगळं बंदच करायला पाहिजे. पोरं काय बघतात कुणाला ठाऊक!"

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कायदा हवा आणि कडकच हवा. पण 'बघणाऱ्याला किळस आली' किंवा 'आमच्या भावना दुखावल्या' या मापाने तो लावू नये. ज्या चित्रामुळे एखाद्या जिवंत माणसाला, विशेषतः लेकराला, इजा झाली आणि ज्याला त्याची संमती नव्हती, तिथे तो लावावा. आपण या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत भरतो. त्यामुळे चित्रकार कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आणि ज्या मुलीचा फोटो गावभर फिरला तिची तक्रारही कोणी नीट लिहून घेत नाही.

आजवर या कायद्यात कोण अडकलं?

अश्लीलतेचा कायदा आपल्याकडे जुना आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 292 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 मध्ये आला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड. अडचण शिक्षेची नाही, व्याख्येची आहे. वासना चाळवणारं, पाहणाऱ्याचं मन बिघडवणारं ते अश्लील, असं कायदा साधारणपणे म्हणतो. पण कोणाचं मन? किती बिघडलं? ते मोजायचं कशाने?

महाराष्ट्रातलीच उदाहरणं पाहू.

रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली. 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. लैंगिक शंकांना ते त्यात सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. 1931 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. 1934 मध्ये दुसरा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर कोणी लिहिलं की लगेच ते अश्लील कसं ठरतं, हा बाबासाहेबांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र ते 1953 मध्ये मरेपर्यंत चालवत राहिले. आज वयात येणाऱ्या मुलांना आरोग्यशिक्षण द्या असं शासनच आपल्याला सांगतं. कर्वे तेच करत होते.

1954 मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी या तरुण चित्रकाराचं प्रदर्शन भरलं. त्यातलं स्त्री-पुरुषाच्या जोडप्याचं नग्नचित्र पोलिसांनी काढायला सांगितलं. त्याने नकार दिला, त्याला अटक झाली. पुढे कोर्टात तो जिंकला.

1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कादंबरी आली आणि तिच्यावर खटला झाला. हायकोर्टाने काकोडकरांना दोषी ठरवलं, 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. या निकालातला एक मुद्दा आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोर्टाने म्हटलं, कादंबरीत लैंगिक उल्लेख आला एवढ्यावरून ती किशोरांसाठी अयोग्य ठरवली, तर किशोरांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, त्यांच्या हाती फक्त धार्मिक पुस्तकं उरतील. 1972 मध्ये विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' परिनिरीक्षण मंडळाने अडवलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले तेव्हा कुठे ते पुन्हा उभं राहिलं.

आणि आपल्या शेजारच्या पंढरपूरचं उदाहरण तर घरचंच. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 मध्ये पंढरपुरात झाला. देवतांच्या आणि 'भारतमाता' म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रांवरून त्यांच्यावर देशात ठिकठिकाणी खटले भरले गेले. 2008 मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यातले खटले रद्द केले. पण तोवर ते देश सोडून गेले होते. 2010 मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, 2011 मध्ये लंडनला वारले. ती चित्रं पाहून ज्यांना वाईट वाटलं त्यांचं वाईट वाटणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की कोर्टाने बाजूने निकाल दिला, तरी पंच्याण्णव वर्षांचा म्हातारा आपल्या मातीत परत आला नाही. निकाल लागेपर्यंत जे भोगावं लागतं तीच खरी शिक्षा असते.

हे सगळं जुनं झालं असं म्हणाल, तर 2023 मध्ये मुंबईच्या कस्टम खात्याने परदेशातून आणलेल्या सात चित्रकृती अश्लील म्हणून जप्त केल्या. त्या होत्या गोव्यात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या आणि त्याच अकबर पदमसींच्या. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने ती जप्ती रद्द केली आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं हे पुन्हा एकदा सांगितलं. 1954 मध्ये जे पदमसींच्या बाबतीत ठरलं होतं, ते सत्तर वर्षांनी परत ठरवावं लागलं.

तेरची लज्जागौरी

बार्शी-येडशीच्या पुढे तेर आहे. सहल नेण्यासारखं गाव. तिथल्या प्राचीन अवशेषांत लज्जागौरीच्या प्रतिमा मिळाल्या आहेत. अंगावर वस्त्र नाही, पाय विलग, जणू बाळंतपणाच्या अवस्थेत बसलेली देवी. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' नावाचं पुस्तकच लिहिलंय. आपल्या पूर्वजांनी हिला सुफलतेची देवता म्हणून पूजलं. आज हीच प्रतिमा एखाद्या मुलाने चित्रकलेच्या वहीत काढली तर आपण त्याच्या पालकांना बोलावून घेऊ!

कायद्यालाही ही अडचण ठाऊक आहे. म्हणून प्राचीन स्मारकं, मंदिरं, देवाचे रथ यांवरची शिल्पं-चित्रं त्यातून वगळली आहेत. 1969 च्या दुरुस्तीने कला, साहित्य, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनालाही सूट मिळाली. पण ती सूट मिळते कोर्टात, अटक झाल्यावर आणि वकिलाची फी भरल्यावर.

आपल्या माढा तालुक्यातलं मोडनिंब संगीतबारीसाठी ओळखलं जातं. त्या कलेलाही हे चुकलं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली होती, मग तपासून मंजुरी देण्याच्या अटीवर ती उठली. पुढे त्याच तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. काल अश्लील म्हणून हाकललेलं आज लोककला म्हणून गौरवलं जातं. मोजपट्टीच रबराची असेल तर दुसरं काय होणार?

इंग्लंडने काय केलं?

2003 मध्ये इंग्लंडमध्ये एका शिक्षिकेचा गळा आवळून खून झाला. मारेकरी असल्याच हिंसक लैंगिक चित्रांच्या आहारी गेलेला होता. तिच्या आईने मोहीम चालवली, हजारो लोकांनी सह्या केल्या आणि 2008 मध्ये अशी 'आत्यंतिक' चित्रं नुसती जवळ बाळगणंही गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्या आईचं दुःख कोणालाही समजेल. पण कायद्याच्या व्याख्येत 'किळसवाणं' यासारखे शब्द राहिले.

थोड्याच दिवसांत वेल्समधला एक माणूस अडकला. त्याच्याकडे बाई आणि वाघ यांची एक घाणेरडी क्लिप सापडली होती, मित्राने गंमत म्हणून पाठवलेली. खटला उभा राहिला. मग सरकारी वकिलांनी क्लिप आवाजासह ऐकली, तर शेवटी तो वाघ चक्क बोलत होता! वाघ खोटा होता. आरोप मागे घेतला, पण तोवर त्या माणसाची गावात शोभा झालीच होती. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काय काय येऊन पडतं ते आठवून पाहा, आणि असा कायदा इथे आला तर कोणाकोणाचे फोन जप्त होतील याचा विचार करा.

मस्साजोगचे फोटो

आता सगळ्यात अवघड उदाहरण. 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. मार्च 2025 मध्ये आरोपपत्रातले छळाचे फोटो बाहेर आले. ते फोटो भयंकर होते. महाराष्ट्र हादरला आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या एका मंत्र्याने राजीनामा दिला.

'बीभत्स चित्रांवर सरसकट बंदी' असा कायदा असता तर हे फोटो दाबून टाकायला तो हाताशी आला असता. कधी कधी अंगावर काटा आणणारं चित्रच समाजाला जागं करतं. पण दुसरी बाजूही खरी आहे. तेच फोटो सातवी-आठवीच्या मुलांच्या हातात गेले. लोकांनी त्यावर गाणी लावून स्टेटस ठेवले. त्या कुटुंबाने काय काय म्हणून बघायचं?

म्हणजे चित्र तेच, पण ते कोण, कशासाठी आणि कोणापुढे ठेवतो यावर सगळं ठरतं. कोर्टापुढे ठेवलेला फोटो पुरावा असतो. वर्तमानपत्राने संयमाने दिली तर ती बातमी. तोच फोटो संगीत लावून फिरवणं ही क्रूरता आहे. ती क्रूरता थांबवायला प्रत्येक वेळी पोलीस पुरे पडणार नाहीत, तिथे घर आणि शाळाच लागते.

कडक कायदा कुठे हवा?

आपल्या भागात एखाद्या मुलीचा फोटो छेडछाड करून फिरवला, तर शाळा कोणाची सुटते? फिरवणाऱ्याची नाही. तिची. चार दिवसांत मामाकडे पाठवतात, महिन्याभरात स्थळं बघायला लागतात. आता तर एआयच्या साध्या ॲपमध्ये गॅदरिंगचा फोटो टाकला की त्याचं नग्नचित्र तयार होतं. फोटो खोटा असतो. पण त्यातला चेहरा खरा आणि मोडलेलं आयुष्यही खरंच.

इथे कलास्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही. आणि इथे कायदाही आहे, तो आपल्याला माहीत नसतो एवढंच.

- माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार मुलांची लैंगिक चित्रं तयार करणं, पाठवणं, शोधून बघणं, डाउनलोड करणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड.
- पोक्सो कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. हुबेहूब खऱ्या मुलासारखं दिसणारं संगणकावर बनवलेलं चित्रही त्यात येतं. म्हणजे 'फोटो एआयचा आहे' ही पळवाट चालत नाही.
- 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं साहित्य न पुसता, न कळवता जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतो. त्याला 'पोर्नोग्राफी' न म्हणता मुलांच्या शोषणाचं साहित्य म्हणा, असंही सुचवलं. मला ही सूचना फार मोलाची वाटते. शब्द बदलला की नजर बघणाऱ्यावरून त्या लेकरावर जाते.
- पोक्सोच्या कलम 19 नुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळाही त्यात आल्या. 'शाळेचं नाव खराब होईल' हे कारण कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.
- कोणाचाही नग्न किंवा छेडछाड केलेला फोटो टाकला गेला आणि त्या व्यक्तीने तक्रार केली, तर तो 24 तासांत काढावा, असं 2021 च्या नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांना बजावलं.

एक कळकळीची विनंती. असा व्हिडिओ हाती आला तर 'बघा काय चाललंय' म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका. हेतू चांगला असला तरी तुम्ही त्या मुलीला आणखी चाळीस जणांपुढे उभं करता, आणि गुन्ह्यातही सापडू शकता. कोणी, कधी, कुठल्या नंबरवरून पाठवलं एवढं लिहून ठेवा. मग पोलीस ठाणं, सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, यापैकी कुठेही लगेच कळवा. आणि गॅदरिंगमधल्या मुलींच्या नाचाचे व्हिडिओ शाळेच्या यूट्यूबवर, आपल्या स्टेटसवर टाकण्याआधी पालकांना विचारण्याची सवय आता लावून घेऊ.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

वादविवाद म्हटला की दुसरी बाजू नीट ऐकली पाहिजे.

पहिला आक्षेप असा येतो, "मुलांची मनं बिघडतात त्याचं काय?" आक्षेप रास्त आहे. असलं काही मुलांना विकणं, दाखवणं हा कायद्याने वेगळा गुन्हा आहेच, आणि असावाच. मुलांसाठी वयाची अट, फोनवर लगाम हे सगळं करा. पण मुलाने बघू नये म्हणून मोठ्यांसाठीही ते चित्र असू नये, हे पटत नाही. बारावर्षाच्या पोराला ट्रॅक्टर चालवायला देत नाही म्हणून आपण ट्रॅक्टरवर बंदी घालत नाही. 2015 मध्ये सरकारने एका फटक्यात 857 संकेतस्थळं बंद केली होती. टीका झाली तशी चार-पाच दिवसांत बरीचशी मोकळी करावी लागली. एवढं मोठं जाळं टाकलं की नको ते अडकतं आणि हवं ते निसटतं.

दुसरा आक्षेप, "भावनांना काही किंमतच नाही का?" आहे. निषेध करा, लेख लिहा, प्रदर्शनाकडे पाठ फिरवा, नाटकाचं तिकीट काढू नका. राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये हा हक्क आपल्यालाही तेवढाच आहे. सभ्यता आणि नीतिमत्तेसाठी वाजवी बंधनं घालता येतात हेही त्याच कलमात लिहिलंय. भांडण 'वाजवी' या शब्दाचं आहे. माझ्या मते कोणाला तरी खरी इजा दाखवता आली तर बंधन वाजवी, नाहीतर तुरुंगाऐवजी टीका पुरे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. "हिंसक चित्रं बघून माणसं हिंसक होत नाहीत का?" काही जण होत असतीलही. त्या इंग्लंडमधल्या आईचा हाच सवाल होता. पण चित्र बघणारे हजार आणि गुन्हा करणारा एक असेल, तर कायद्याने त्या एकाला गाठायचं की हजारांना? आणि ते चित्र बनवताना खऱ्या बाईला खरंच मारलं असेल, तर प्रश्न तिथेच सुटतो. तो आपल्या पहिल्या वर्गात, इजेच्या वर्गात, जातो. तिथे दयामाया नको.

वर्गात कसं घ्यावं?

नववी-दहावीला एक तास द्या. कुठलंही चित्र दाखवायची गरज नाही, फळ्यावर नुसती नावं लिहा : तेरची लज्जागौरी, जहांगीरमधलं नग्नचित्र, वर्तमानपत्रातला अपघाताचा फोटो, वर्गातल्या मुलीचा एआयने बनवलेला फोटो. मग प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा.

1. हे चित्र बनवताना किंवा फिरवताना कोणाला इजा झाली का? त्या व्यक्तीची संमती होती का?
2. हे चित्र पाहून कोणाला राग, लाज किंवा किळस आली का?

दोन रकाने करा आणि मुलांना स्वतः भरू द्या. मी हा तास घेतला तेव्हा सुरुवातीला मुलं लाजली, मागच्या बाकावर खुसखुस झाली. नंतर चौथ्या चित्रापाशी वर्ग आपोआप शांत झाला. एका मुलीने विचारलं, "सर, मग तिने तक्रार केली तर तिचं नाव बाहेर येणार नाही ना?" पोक्सोच्या प्रकरणात मुलाची किंवा मुलीची ओळख उघड करायला मनाई आहे, हे मी सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न होता, "पण गावात?"

त्याचं उत्तर मला कायद्यात सापडलं नाही. ते आपण पालक आणि शिक्षक मुलीच्या बाजूने उभे राहतो की तिचीच शाळा बंद करतो, यावर ठरतं. नवीन कायद्याची मागणी करणाऱ्या प्रत्येक पालकसभेत आधी यावर बोलणं व्हावं, असं मला वाटतं.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. आणि हा तास तुमच्या शाळेत घेतलात, तर मुलांनी दोन्ही रकान्यांत काय काय लिहिलं तेही वाचायला आवडेल.